साथीच्या काळात घरातल्या दिवसाची घडी कशी बसवायची

कोविडच्या साथीत घरात अडकलो होतो तेव्हा सगळीकडून "पॉझिटिव्ह राहा" असंच ऐकू यायचं. म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, पॉझिटिव्ह राहायचं म्हणजे सतत हसतमुख राहायचं असं अजिबात नाही. बाहेर माणसं आजारी पडतायत, ओळखीतल्या कुणाच्या तरी घरून वाईट बातमी येते, नोकरीचं पुढे काय होणार माहीत नाही, अशा वेळी मन उदास झालं तर ते मन ठिकाणावर असल्याचंच लक्षण आहे. "आनंदी राहा, चांगले विचार करा" असले मेसेज वाचून मला तरी कधी बरं वाटलं नाही, उलट आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायचं. मला ज्या गोष्टीने खरंच तगवलं ती म्हणजे दिवसाची घडी. सकाळ कधी झाली, दुपार कधी सरली, आज वार कुठला हे कळेनासं झालं की मन जास्त खचतं आणि हाताला ठरलेलं काम असलं की त्याच बातम्या ऐकूनही माणूस उभा राहतो. परत कधी अशी वेळ आली, किंवा दुसऱ्या कुठल्या कारणाने महिनोन्‌महिने घरात राहावं लागलं, तर उपयोगी पडेल म्हणून जे जे केलं आणि जे नंतर वाचून समजलं ते सगळं लिहितेय.

आधी तारखेची वाट बघणं सोडा

जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं ११ मार्च २०२० ला आणि आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं ५ मे २०२३ ला. म्हणजे तीन वर्षांपेक्षा जास्त. आम्ही सगळे मात्र सुरुवातीला पंधरा-पंधरा दिवसांचे हिशोब करत बसलेलो, आता या तारखेला लॉकडाउन उघडेल, मग त्या तारखेला उघडेल, आणि दर वेळी तारीख पुढे गेली की दोन दिवस कुणाशी बोलायची पण इच्छा राहायची नाही. ही चूक करू नका. पूर्वीच्या लोकांचा हिशोब सुद्धा असाच वाढत गेलेला, १३७७ साली रगुसा म्हणजे आताच्या क्रोएशियातल्या दुब्रोवनिक बंदरात प्लेगच्या भीतीने बाहेरून येणाऱ्यांना ३० दिवस वेगळं ठेवायचा नियम झाला, पुढे त्याचे ४० दिवस झाले आणि इटालियनमधल्या चाळीस या आकड्यावरूनच क्वारंटाइन हा शब्द आला. साथ कधी संपणार हे आपल्या हातात नसतं, आजचा दिवस रात्री साडेदहाला संपवायचा हे मात्र आपल्या हातात असतं, त्यामुळे प्लॅन करायचा तो आजचा, फार तर या आठवड्याचा.

घडी का बसवायची त्याचं एक उदाहरण मला फार पटलं. मंगळावर जाऊन परत यायला जितका काळ लागेल तितका काळ माणसं बंद जागेत कशी राहतील हे बघायला मॉस्कोत एक प्रयोग झाला होता, मार्स-५०० नावाचा. जून २०१० ते नोव्हेंबर २०११, सहा जण, ५२० दिवस बंद. ही सगळी निवडून घेतलेली, धडधाकट, ट्रेनिंग झालेली माणसं होती. तरीसुद्धा महिने जातील तशी त्यांची हालचाल कमी कमी होत गेली आणि काहींच्या झोपेची घडी पार विस्कटली. तिथे ना साथ होती ना नोकरीची भीती, नुसतं बंद राहण्याने हे झालं. म्हणून तुम्हाला घरात बसून आळस येत असेल, रात्री झोप येत नसेल तर तो तुमचा दोष समजू नका, बंद जागेचा शरीरावर तसाच परिणाम होतो आणि त्यावर मुद्दाम काहीतरी करावं लागतं.

दिवसाला चार खुंट्या

तासातासाचं टाइमटेबल मी केलं होतं, रंगीत पेनांनी वगैरे, ते तीन दिवसांत मोडलं. कारण घरात कुणाचं तरी काम अचानक निघतं, नेट जातं, मूल रडतं, आणि एक तास चुकला की पूर्ण दिवस वाया गेल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा चार खुंट्या ठोका आणि मधला वेळ मोकळा सोडा. उठायची वेळ, दुपारच्या जेवणाची वेळ, संध्याकाळी काम बंद करायची वेळ आणि झोपायची वेळ. बस्स. या चार वेळा रविवारीसुद्धा हलवायच्या नाहीत, अर्धा तास इकडेतिकडे चालतो.

यातली उठायची वेळ सगळ्यात महत्त्वाची. रात्री कितीही वाजता झोपलात तरी उठायचं ठरलेल्या वेळेलाच, आणि उठल्यावर पहिल्या तासात दहा-पंधरा मिनिटं उजेडात जाऊन उभं राहायचं, गॅलरीत, गच्चीवर, तेही नसेल तर उघड्या खिडकीशी. शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडाने लागतं, पडदे लावून दिवसभर ट्यूबलाइटमध्ये बसलं की त्याला दिवस सुरू झालाय हेच कळत नाही. मग अंघोळ आणि कपडे बदलणं. झोपताना घातलेले कपडे दिवसभर अंगावर ठेवू नका, इस्त्रीचे नकोत, पण वेगळे असूदेत. आणि अंथरूण उचलून ठेवा! दिवसा ते समोर पसरलेलं असलं की दर अर्ध्या तासाने तिकडे पाय वळतात.

संध्याकाळची खुंटी घरून काम करणाऱ्यांसाठी आहे. ऑफिसमधून घरी यायचा रस्ता आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त उपयोगाचा होता, त्या वेळात डोकं कामातून बाहेर यायचं. तो रस्ता गेला की काम रात्री अकरापर्यंत पसरतं. मी लॅपटॉप बंद करून बॅगेत भरून कपाटात ठेवायला लागले आणि मग लगेच वीस मिनिटं घरातल्या घरात चालायचं. बॅगेची चेन लावली की ऑफिस सुटलं.

मूड येण्याची वाट बघू नका

मानसोपचारात बिहेवियरल ॲक्टिव्हेशन नावाची एक पद्धत आहे, उदासीवर वापरतात. तिचं म्हणणं साधं आहे: मन लागत नाही म्हणून आपण कामं सोडतो, कामं सोडली की आनंद देणाऱ्या आणि जमल्याचं समाधान देणाऱ्या गोष्टी आयुष्यातून कमी होतात, त्यामुळे मन आणखीनच लागत नाही. हे चक्र मनाच्या बाजूने तुटत नाही, ते हाताच्या बाजूने तोडावं लागतं. आधी काम, मूड मागून येतो. आणि काम इतकं छोटं घ्यायचं की नाही म्हणायला जागाच उरू नये.

म्हणजे कसं ते सांगते. "कपाट आवरायचं" असं लिहू नका, "कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा" असं लिहा. मी एक साधी वही केली होती, रोज रात्री उद्यासाठी तीनच ओळी लिहायच्या, एक काम घरासाठी, एक स्वतःसाठी, एक दुसऱ्या कुणासाठी. त्यातलं एक पान अजून आहे माझ्याकडे, त्यावर लिहिलंय: निळ्या शर्टाचं बटण, दहा पानं वाचणं, मावशीला फोन. एवढंच. आता बटण लावणं म्हणजे काही मोठं काम नाही, पण त्या दिवशी सकाळपासून डोकं सुन्न होतं, बातमीच तशी आलेली. सुईत दोरा ओवायलाच चार वेळा लागले, मग डब्यात त्याच मापाचं बटण शोधायला दहा मिनिटं, मग जुना दोरा काढून टाकून चार भोकांतून फुली घालत घालत बटण लावलं, खाली दोऱ्याला तीन-चार वेढे घेतले, गाठ मारली. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही नव्हतं आणि शेवटी हातात पूर्ण झालेली वस्तू होती. त्या ओळीवर रेघ मारताना जे वाटलं ते कुठल्याही प्रेरणादायी व्हिडिओने कधी वाटलं नाही मला.

म्हणूनच माझा सल्ला असा की घरात बसून करायच्या कामांत निम्मी तरी हाताची कामं असूदेत. शिवण, विणकाम, सायकल पुसून तेल देणं, सैल झालेला बिजागरीचा स्क्रू पिळणं, जुने फोटो वर्षाप्रमाणे लावणं, चित्र, पुस्तकांना कव्हरं घालणं, वाद्य असेल तर वाद्य. स्क्रीनवरची करमणूक वाईट आहे असं मी म्हणत नाही, सिनेमे मीही खूप बघितले, पण चार एपिसोड सलग बघून उठल्यावर जे रिकामं रिकामं वाटतं ते हाताच्या कामाने वाटत नाही.

आणि नवीन भाषा, नवीन कोर्स, सहा महिन्यांत पुस्तक लिहून पूर्ण, असलं ओझं घेऊ नका. तेव्हा न्यूटनचा दाखला खूप फिरत होता, १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद झालं आणि तो वूल्सथॉर्पला, आपल्या गावच्या घरी बसून केवढं काम करून गेला वगैरे. खरं आहे ते. पण तो तेव्हा बावीस वर्षांचा होता, लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, आणि त्याच्या डोक्यात ते विषय आधीपासून चालू होते. घरात दोन मुलं आणि आजारी सासरे सांभाळून नोकरी करणाऱ्या बाईला तो दाखला देणं मला फार अन्यायाचं वाटतं. ज्याला शिकायचंय त्याने जरूर शिकावं, रोज वीस मिनिटं, पण साथ संपल्यावर दाखवायला काही नसलं तरी चालतं, तुम्ही आणि घरचे नीट राहिलात हे पुरेसं मोठं काम आहे.

मोहरीचा प्रयोग

हा लहान मुलं असतील तर कराच, नसतील तरी करा. एका बशीत कापूस पसरून पाण्याने ओला करायचा, पाणी साचू द्यायचं नाही, त्यावर चिमूटभर मोहरी पसरायची आणि खिडकीत ठेवायची. रोज सकाळी कापूस ओलसर आहे ना बघायचं. दोन-तीन दिवसांत दाण्याचं साल फाटून पांढरं मूळ बाहेर येतं, भिंगातून बघितलं तर मुळावर बारीक लव दिसते, आठवड्याभरात दोन-दोन पानांची हिरवी रोपं उभी राहतात. आणि सगळी खिडकीकडे वाकतात! मग बशी उलटी फिरवून ठेवायची, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ती परत मान वळवून उजेडाकडे झालेली असतात. माझ्या भाचीने पट्टी लावून रोजची उंची वहीत लिहिली, फोनवर मला रोज सकाळी आकडा सांगायची, आज साडेतीन सेंटिमीटर, आज चार. त्या आकड्यामुळे तिला आणि मला दोघींनाही उद्याची वाट बघायला काहीतरी होतं. घरात कोंडलेल्या माणसाला नेमकं हेच कमी पडतं, कारण सगळे दिवस सारखे असले की उद्यामध्ये नवीन काही राहत नाही. रोज थोडं थोडं बदलणारं काहीतरी घरात असूदेत.

बातम्या आणि मोबाईल

याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे कारण सुरुवातीचे तीन आठवडे माझे यातच गेले. डोळे उघडले की आकडे, जेवताना आकडे, रात्री दोन वाजता कुठल्यातरी परक्या देशातल्या हॉस्पिटलचा व्हिडिओ. त्या माहितीने मी एकही निर्णय वेगळा घेतला नाही, फक्त छातीत धडधड वाढली. खऱ्याखोट्या माहितीच्या या पुराला जागतिक आरोग्य संघटनेने इन्फोडेमिक म्हटलं होतं, म्हणजे माहितीचीच साथ.

उपाय असा, बातम्या दिवसातून दोनदा, दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा, पंधरा-वीस मिनिटं घड्याळ लावून. सकाळी उठल्या उठल्या नाही आणि झोपायच्या आधीचा एक तास तर नाहीच. आरोग्याबद्दलची माहिती एकाच ठिकाणाहून घ्यायची, सरकारी आरोग्य खात्याची किंवा जागतिक आरोग्य संघटनेची साइट. बाकी नोटिफिकेशन बंद. फॅमिली ग्रुप म्यूट केलात तर कुणी रागावत नाही, ग्रुपवर एकदा सरळ सांगून टाका की मी संध्याकाळी बघते, तातडीचं असेल तर फोन करा. आणि घरगुती उपायाचा फॉरवर्ड आला की पुढे ढकलायच्या आधी थांबायचं, कुणी म्हटलंय, कधीचं आहे, मूळ कुठे आहे, हे सापडलं नाही तर तो मेसेज तुमच्याकडेच संपूदेत. साथीत चुकीच्या उपायाने माणसं दगावतात, त्यामुळे ही गोष्ट हलक्यात घेऊ नका.

रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. अलार्मसाठी साधं घड्याळ ठेवा. माझ्या मते या एका बदलाने बाकीचे निम्मे बदल सोपे होतात.

शरीर हललं पाहिजे

मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत दम लागणारा, शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत आणि घरात बसून ते होतात. रोज पंचवीस मिनिटं म्हटलं तरी मोठ्यांचं भागतं. जिना असेल तर जिना, नसेल तर जागच्या जागी चालणं, सूर्यनमस्कार, दोरीउड्या (खाली कुणी राहत असेल तर दुपारी नको), भिंतीला हात टेकून दंड. फोनवर बोलताना बसायचंच नाही असा नियम केलात तर नकळत बरंच चालणं होतं. ताप असेल, आजारी असाल तर मात्र व्यायाम नाही, आराम.

स्क्रीनवर काम असेल तर दर २० मिनिटांनी २० सेकंद वीसेक फूट लांब बघा, खिडकीबाहेरचं झाड, समोरची गच्ची, काहीही. चहा-कॉफी दुपारनंतर कमी करा, कॅफीन शरीरात बराच वेळ राहतं, घेतलेल्यातलं निम्मं कमी व्हायलाच साधारण पाच तास लागतात, आणि घरी असलं की कपांची मोजदाद राहत नाही. झोप सात तास तरी. दारूने झोप लागते असं वाटतं पण ती तुटक लागते, आणि टेन्शनवरचा उपाय म्हणून रोज घ्यायला सुरुवात झाली की पुढे फार जड जातं, यात ओळखीतली दोन माणसं अडकताना बघितलीयेत म्हणून कळकळीने सांगतेय.

घरातली माणसं

चोवीस तास एकाच छपराखाली राहिलं की प्रेमाच्या माणसाच्या चमच्याचा आवाज पण खुपायला लागतो. हे होणारच, त्यावर भांडण झालं म्हणून नातं मोडीत निघालं असं समजू नका. दोन गोष्टी मात्र पहिल्याच आठवड्यात ठरवून टाका. एक म्हणजे कामाची वाटणी, आणि ती तोंडी नको, कागदावर लिहून सगळ्यांना दिसेल अशी चिकटवा. भांडी, केर, कपडे, पाणी भरणं, औषधं आणणं, मुलांचा अभ्यास, सगळं लिहा, कारण लिहिल्यावरच दिसतं की अकरातली आठ कामं एकाच बाईच्या नावापुढे आहेत. दुसरं म्हणजे प्रत्येकाचा एक तास. त्या तासात त्या माणसाला कुणीही हाक मारायची नाही, मग त्याने खोलीत बसून नुसतं छताकडे बघितलं तरी त्याची मर्जी. एकाच खोलीचं घर असेल तर कानाला हेडफोन लावला की माणूस घरात नाही असं समजायचं. मुलांनाही हा तास द्या, त्यांनाही एकटं राहावंसं वाटतं.

मुलांना काय चाललंय ते खरं सांगा, त्यांच्या वयाला समजेल इतकं. आपण कुजबुजलो की ती त्याहून भयंकर काहीतरी मनात रचतात. "आजार आहे, तो एकमेकांच्या श्वासातून पसरतो, म्हणून आपण घरात आहोत, डॉक्टर काम करतायत, तुला काही विचारायचं असेल तर रात्री जेवताना विचार" इतकं पुरतं. आणि ती कंटाळली म्हणून दर मिनिटाला करमणूक पुरवत बसू नका, अर्धा तास कंटाळू द्या, मग बघा खुर्च्या आणि चादरीचं घर उभं राहतं की नाही.

लांब राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांबद्दल एक शिकले ते सांगते. माझी मावशी एकटी राहते. मी रोज फोन करायचे, कशी आहेस, जेवलीस का, औषध घेतलंस का, आणि ती हो हो म्हणायची, तीन मिनिटांत फोन संपायचा. मग एक दिवस मी तिला म्हटलं मावशी, हे शब्दकोडं अडलंय गं, आडवा सात, चार अक्षरी, शेवटचं अक्षर र, मदत कर ना. तर ती पाऊण तास बोलली! आडवा सात राहिला बाजूला, त्या शब्दावरून तिच्या शाळेतली बाई निघाली, मग पावसात वाहून गेलेली चप्पल निघाली. दुसऱ्या दिवशी सव्वापाचला तिचाच फोन, उभा तीन सापडला म्हणून. तेव्हा कळलं की तिला विचारपूस नको होती, तिला उपयोगी पडायचं होतं. तुमच्याकडच्या माणसांना काहीतरी विचारा, एखादी वीण कशी घालायची, जुन्या फोटोतली माणसं कोण, लहानपणीचं गाणं आठवतंय का, आणि परवानगी घेऊन रेकॉर्ड करून ठेवा. वेळ ठरलेली असली तर आणखी चांगलं, ती पाचवी खुंटी होते.

एकटे राहत असाल तर दिवसातून दोन ठरलेले फोन, त्यातला एक व्हिडिओवर, आणि एक माणूस असा पक्का करा की सकाळी अमुक वाजेपर्यंत तुमचा मेसेज आला नाही तर तो फोन करेलच. जेवण ताटात वाढून, बसून जेवा, ओट्याशी उभं राहून नको.

घरातल्या खोलीत वेगळं राहावं लागलं तर

हे मी दहा दिवस केलंय. पहिले दोन-तीन दिवस तापात जातात, तेव्हा काही करायला जाऊ नका, झोपा. पुढचे दिवस कठीण, कारण बरं वाटायला लागलेलं असतं आणि दार बंद असतं. खोलीत शिरायच्या आधीच वही-पेन, दोन पुस्तकं, चार्जर, थर्मामीटर, बदलायचे कपडे आणि हाताचं एखादं काम आत घ्या, नंतर प्रत्येक गोष्टीसाठी हाक मारायला नको वाटतं. खिडकी उघडी ठेवा, ती हवेसाठी तर लागतेच, पण बाहेरचे आवाजही आत येतात. आम्ही रात्रीचं जेवण दाराच्या दोन्ही बाजूंना बसून फोन स्पीकरवर टाकून करायचो. घरच्यांशी बोलत जेवले की घास नीट उतरायचा. आणि श्वास घ्यायला त्रास, छातीत दुखणं, गोंधळल्यासारखं होणं यातलं काही झालं तर अंगावर काढायचं नाही, लगेच डॉक्टर.

रात्री भीती वाटली की

रात्रीच विचार येतात सगळे. त्यावर दोन उपाय माझ्या उपयोगी पडले. एक, दिवसा काळजीची वेळ ठरवणं, संध्याकाळी पंधरा मिनिटं, वही घेऊन जे जे भय आहे ते लिहायचं आणि प्रत्येकापुढे लिहायचं की यात उद्या मी काही करू शकते का. पैशाची काळजी असेल तर येणं किती, जाणं किती, कुठला हप्ता पुढे ढकलायला फोन करायचा हे लिहिता येतं. ज्यात काहीच करता येत नाही तिथे तसंच लिहायचं. मग रात्री तोच विचार आला की त्याला सांगायचं, उद्या सव्वासहाला. सुरुवातीला खोटं वाटतं पण आठवड्याभरात मन ऐकायला लागतं. दुसरा उपाय श्वासाचा, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. श्वास सोडायचा वेळ लांबवला की हृदयाचे ठोके मंदावतात. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणात लोळत राहू नका, उठून मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा आणि डोळे जड झाले की परत या.

कुणी गेलं असेल तर

अंत्यदर्शन नाही, भेटायला येणारी माणसं नाहीत, गळ्यात पडून रडता येत नाही. यावर खरंतर उपाय असा नाहीच. आम्ही एवढंच केलं की त्या माणसाला ओळखणारे सगळे एका संध्याकाळी कॉलवर जमलो आणि प्रत्येकाने एक आठवण सांगितली, मध्ये मध्ये नुसतेच गप्प बसलो, कॉल चालू ठेवून. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला पहिल्या आठवड्यात सगळे फोन करतात, तुम्ही पाचव्या आठवड्यात करा. आणि तेव्हा वहीबिही, खुंट्या वगैरे सगळं बाजूला राहिलं तरी राहूदे, जेवण आणि झोप एवढंच सांभाळा.

दोन आठवडे जवळजवळ रोज मन खाली असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक गेली असेल तर हा लेख पुरेसा नाही, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला, फोनवरही बोलता येतं. मरणाचे किंवा स्वतःला इजा करायचे विचार येत असतील तर उद्यावर टाकू नका, आज, आत्ता, घरातल्या एका माणसाला सांगा आणि हेल्पलाइनला फोन लावा. घरात कुणी मारहाण करत असेल तर घरात राहायचा नियम तुम्हाला बांधून ठेवू शकत नाही, मदत मागा आणि बाहेर पडा.

उघडल्यावर

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती, की दार उघडल्यावर बाहेर जायचीच भीती वाटेल. गर्दीत पाऊल टाकलं की घाम फुटायचा मला. तेव्हा पहिल्या दिवशी फक्त कोपऱ्यापर्यंत, दुसऱ्या दिवशी चौकापर्यंत, मग कमी गर्दीच्या वेळी एखादं काम, असं करत करत तीन-चार आठवड्यांत जमलं. प्रत्येक टप्प्यावर भीती थोडी उतरेपर्यंत थांबायचं, घाबरून लगेच माघारी फिरायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी ती वाढते. घरातले चमच्याच्या आवाजाला कंटाळलेले सगळे आता आपापल्या कामाला जातात, टाइमटेबल बदललं, लॅपटॉपची बॅग परत ऑफिसला जाते. मावशीचा सव्वापाचचा फोन तेवढा चालू आहे, काल उभा नऊ अडला होता आमचा.